मनात वाच

परवा मराठीच्या पेपराला तेरा नंबरच्या वर्गात पुरवण्या पोचवायला गेले होते. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी प्रश्न वाचत होती आणि तिचे ओठ हलत होते. बाहेरून आलेल्या पर्यवेक्षक मॅडम तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "ए, मनात वाच." मुलीनं ओठ मिटले. डोळे प्रश्नपत्रिकेवर राहिले, पण ओळीवरून पुढं सरकेनात. शेवटी तिनं खालचा ओठ दाताखाली धरला आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. मी पुरवण्या टेबलावर ठेवल्या, दोऱ्याचं बंडल ठेवलं आणि बाहेर आले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये उन्हाची झळ भिंतीतून येत होती. सोलापुरात परीक्षा आणि ऊन एकदमच येतात. एप्रिल अर्धा झाला की मी तीन माठ धुऊन कॉरिडॉरमध्ये मांडते, त्यांना ओलं पोतं गुंडाळते. आमची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. तो मे महिन्यात इतका तापतो की वाजवायची सळई फडक्यानं धरावी लागते. पेपर सुरू होताना एक मोठी घंटा, दर अर्ध्या तासाला एक ठोका, शेवटच्या दहा मिनिटांना दोन. वीस वर्षांहून जास्त काळ हे मी करते आहे. मी या कॉलेजात शिपाई आहे. पाणी देते, पुरवणी देते, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधते. एखाद्याकडे चिठ्ठी सापडली तर ती पाकिटात घालून ऑफिसात नेणारीही मीच. पोरं तेव्हा माझ्याकडं बघत नाहीत, पाकिटाकडं बघतात.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी स्वतः परीक्षेला बसले होते. कुठल्या वर्गात नव्हे, शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत, मोबाईलसमोर. घरबसल्या बी.ए.चं ते शेवटचं वर्ष होतं.

बी.ए. मला हौस म्हणून करायचं नव्हतं. कॉलेजात कनिष्ठ लिपिकाची एक जागा शिपायांमधून भरायची होती. त्याला पदवी लागत होती आणि वयाची पंचेचाळीस पूर्ण झालेली चालत नव्हती. माझी जुलैत पूर्ण होत होती. फाईल जूनअखेरीला जाणार होती. तोपर्यंत निकाल हातात पडला तर मी टेबलामागं बसणार, नाही तर साठीपर्यंत टेबलापुढं उभी राहणार. गुडघे गेलेल्या बाईला चार मजल्यांच्या कॉलेजात याचा अर्थ काय होतो, हे समजावून सांगायला नको.

अजूनही माझ्या मोबाईलवर एक जाहिरात येते. शिकायला वय नसतं, असं तीत लिहिलेलं असतं आणि माझ्या वयाची एक बाई लॅपटॉपसमोर बसून हसते. तिच्या मागं पांढरी स्वच्छ भिंत असते. भिंतीला कॅलेंडर नाही, खिळा नाही, वाळत घातलेलं काही नाही. तिच्या गल्लीत नळाला पाणी किती दिवसांनी येतं, असं मला नेहमी विचारावंसं वाटतं.

आमच्या अभ्यासक्रमात आम्हाला विद्यार्थी म्हणत नसत, लर्नर म्हणत. ग्रुपात सगळे लर्नर तिशी-चाळिशी ओलांडलेले. एक एस.टी.तली कंडक्टर, दवाखान्यातल्या दोन आया, वैरागच्या आडत दुकानात हमाली बघणारा एक माणूस. तो मोटारसायकलवर कानात धडा लावून गावोगाव फिरायचा आणि लिहायचा, "तिसरा घटक माढ्यापर्यंत संपला." कंडक्टरबाई लिहायची, "मला घटक कळतोय पण प्रश्न कळत न्हाय." सगळ्यांना काहीतरी हवं होतं. कुणाला बढती, कुणाला बदली, एका आयाला फक्त नावापुढं बी.ए. लावून सासरच्या लग्नपत्रिकेत छापून आणायचं होतं. ज्ञान हवंय असं ग्रुपात कुणी लिहिलेलं मला आठवत नाही. पण धडे सगळे ऐकायचे, आणि इतिहासाच्या एखाद्या धड्यावरून भांडायचेही.

आमच्या कॉलेजातले प्राध्यापकसुद्धा आता असेच कोर्स करतात. स्टाफरूममध्ये चहा घेऊन गेले की दिसतं. व्हिडिओ चालू असतो, आवाज बंद असतो, आणि सर शेजारच्या सरांशी बोलत असतात. व्हिडिओ संपला की हिरवी खूण उमटते. माणसानं ऐकलं की नाही, हे यंत्र कधी विचारत नाही. परीक्षेच्या वेळी मात्र डोळा कुठं गेला, हे ते विचारतं.

माझी आई विड्या वळायची. आम्ही पूर्व भागात राहायचो. आमची घरची भाषा तेलुगू, आणि आईला आम्ही अम्मा म्हणतो. दुपारी गल्लीतल्या सात-आठ बाया आमच्या ओट्यावर जमायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली तेंदूची पानं. हात चालूच असायचे, डोळेही हाताकडं. कान तेवढे मोकळे. त्या कानांसाठी मी होते. तिसरी-चौथीत मला वाचता यायला लागल्यापासून लग्न होईपर्यंत मी त्या बायांना वाचून दाखवलं. शिळी वर्तमानपत्रं, पुडीचे कागद, कुणाच्या गावाकडून आलेलं पत्र, औषधाच्या बाटलीवरचं लेबल. वाचायचं मराठीत, अडलं तिथं तेलुगूत सांगायचं. ओल्या पानाचा वास आणि तंबाखूचा खकाणा नाकात बसायचा. मधेच शिंक आली तरी चालायचं, थांबलेलं चालायचं नाही.

"गट्टिगा चदुवु," अम्मा म्हणायची. म्हणजे मोठ्यानं वाच. तेलुगूत चदुवु म्हणजे वाचणं आणि चदुवु म्हणजेच शिक्षण. दोन्हीला शब्द एकच. त्यामुळं अम्माच्या लेखी माझं शिक्षण म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं काहीतरी होतं. एखादी गोष्ट रंगली आणि मी पुढचं पान भराभर डोळ्यांनी बघायला लागले, तर लगेच कुणीतरी बाई म्हणायची, "एकटीच खातीस व्हय गं?" आठ माणसांत बसून पदराआड काही खाणं आणि मनात वाचणं, ही त्या ओट्यावर एकाच जातीची चोरी होती. ती माझ्या हातून फारशी झाली नाही. मग मनात वाचायला मी शिकले कधी? शिकलेच नाही. शाळेत मागच्या बाकावर पुटपुटत वाचलं. कॉलेजच्या ऑफिसात नोटीस वाचतानाही माझे ओठ हलतात. कुणी कधी काही म्हटलं नाही, कारण शिपाई नोटीस वाचतो कसा, हे कोण बघणार.

मे महिन्यातला पहिला पेपर. सकाळी अकराची वेळ. मी रजा टाकली होती. माझी मुलगी श्रावणी तेव्हा एकोणीसची, कॉलेजात होती. तिनं पिठाच्या डब्यावर पोळपाट उभा करून त्याला रबरानं मोबाईल बांधला. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, देवाच्या तसबिरीवर टॉवेल टाकला, कारण कॅमेऱ्याला दुसरा चेहरा दिसलेला चालत नाही. "मम्मी, तीनदा वॉर्निंग येते. तिसऱ्या वॉर्निंगला पेपर बंद. इकडं-तिकडं बघू नको," असं बजावून ती बाहेरच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. पंखा बंद केला होता, कारण त्याचा खडखडाट माईकमध्ये जात होता. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली मी घामानं निथळत बसले.

दहावा प्रश्न चालला होता आणि गल्लीत कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं." पाच दिवसांनी येणारं पाणी त्या दिवशी ठरल्या वेळेच्या तीन तास आधी आलं. सोलापूरच्या बाईचा पाय त्या हाकेला मेंदूला न विचारता उठतो. माझा पाय उठला नाही, पण मान दाराकडं वळली. एवढंच. स्क्रीनवर लाल पट्टी आली. पहिली ताकीद: कृपया स्क्रीनकडे पहा.

मी घाबरले आणि प्रश्न जास्त मन लावून वाचू लागले. मन लावून म्हणजे माझ्यासाठी ओठ लावून. दुसरी पट्टी आली: तुमचे ओठ हलताना आढळले आहेत, कृपया इतर व्यक्तीशी बोलू नका. मला ते काय आहे कळेना. म्हणून मी ती पट्टी नीट वाचली. ती वाचतानाही ओठ हलले. तिसरी आली आणि पेपर बंद झाला. पांढऱ्या स्क्रीनवर लिहिलं होतं, गैरप्रकाराच्या संशयावरून आपली परीक्षा थांबवण्यात आली आहे.

श्रावणी दोन घागरी भरून आत आली तेव्हा मी तशीच बसले होते. "झाला?" तिनं विचारलं.

"कॉपीत पकडलं," मी म्हटलं.

ती आधी हसली. मग माझ्याकडं बघून घागर खाली ठेवली.

पुढचे दोन पेपर तीन-तीन दिवसांनी होते. रडत बसायला वेळ नव्हता. आम्ही दोघींनी प्रयोग केले. ओठांवर चिकटपट्टी लावली तर सरावाच्या पेपरात चेहरा ओळखता येत नाही अशी पट्टी येई. दातात वेलदोडा धरला तर जबडा हले. बत्तासा विरघळे. शेवटी तोंडात पाणी धरलं. पाण्यानं भरलेलं तोंड उघडता येत नाही आणि ओठ आपोआप घट्ट बसतात. श्रावणी समोर बसून मला जुने प्रश्न दाखवायची आणि ओठ थरथरले की म्हणायची, "ओठ." घोट चुकून गिळला गेला की, "गिळलंस, परत भर." अम्मा तेव्हा आमच्याकडंच राहायला आली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला दिसायचं काही नाही, फक्त नातीचं "ओठ, ओठ" ऐकू यायचं. तिनं मला विचारलं, "दातं दुखतायत काय गं?"

तोंडात पाणी धरून मी दोन पेपर दिले. पाणी आधी गार असतं, मग कोमट होतं, मग ते पाणी आहे की आपली जीभ, हे कळेनासं होतं. प्रश्न डोळ्यांनी बघायचा. त्याचा आवाज आतही येऊ द्यायचा नाही, कारण आत आवाज आला की ओठ त्याच्यामागं जातात. एकेक प्रश्न चारदा बघावा लागला. अनोळखी घरात दिवा न लावता वस्तू शोधावी तसा मी प्रत्येक वाक्यातला अर्थ चाचपत होते. एकही पट्टी आली नाही. पेपर संपल्यावर मोरीत जाऊन पाणी थुंकलं आणि बराच वेळ मला बोलता आलं नाही.

पण पहिल्या पेपरामुळं सगळा निकालच राखून ठेवला गेला. मी अर्ज केला. उत्तर आलं की आपला अर्ज मिळाला. पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच उत्तर, अक्षर न अक्षर तेच. फोन लावला की एक बाई रेकॉर्ड केलेल्या आवाजात म्हणायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कॉलेजात कुणी वैतागलं तर माझ्यावर ओरडतं आणि मी ऑफिसात जाऊन सांगते. इथं ओरडायला शिपाईसुद्धा नव्हता. ग्रुपात लिहिलं, तर वैरागच्या माणसानं लिहिलं, "ताई, माझं बी व्हट हलत्यात, पण मला मिशा हायती." त्यावर सगळे हसले. मीही हसले. मग त्यानंच वेगळा फोन करून सुनावणी मागायची वाट सांगितली.

सुनावणी जूनच्या मध्यावर मिळाली, तीही मोबाईलवरच. तीन चौकोनांत तीन माणसं. मधल्या चौकोनातल्या सरांनी विचारलं, "आपण कोणाशी बोलत होतात?"

"कोणाशी नाही सर. प्रश्न वाचत होते."

"मग मनात का वाचला नाहीत?"

"मला येत नाही."

उजवीकडच्या मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात. मनात वाचता येत नाही म्हणजे काय?"

मी ओट्याचं सांगितलं. सूप, बाया, वर्तमानपत्र. थोडक्यात सांगितलं, कारण तीन चौकोनांना वेळ नसतो. सरांनी विचारलं, "याचा काही पुरावा आहे का?"

असल्या गोष्टीचा पुरावा काय असतो? अम्मा शेजारच्या पलंगावर बसून ऐकत होती. ती भिंत धरत उठली, माझ्या मागं आली आणि मोबाईल कुठं असेल असं वाटलं तिकडं तोंड करून म्हणाली, "बारकी होती तवाधरनं ही वाचती. मोट्यानं. आमी समदे ऐकलोय की. लई चांगलं वाचती."

"कृपया इतर व्यक्तींना समोर आणू नका," सर म्हणाले.

अम्मानं मला विचारलं, "काय म्हणला?"

"ऐकलं म्हणाले," मी म्हटलं.

मॅडमनी एक उतारा स्क्रीनवर टाकला आणि मला मनात वाचायला सांगितलं. माझी पंचाईत झाली. पाणी धरून इतक्या दिवसांत ओठ बरेच आवरले होते. आता ते हलले नाहीत तर मी खोटी, आणि हलले तर दोषी. मी वाचलं. काय झालं ते मला दिसलं नाही. तिघांनी माना हलवल्या आणि सर म्हणाले, "निर्णय कळवू."

हेडक्लार्कना सगळं कॉलेज भाऊसाहेब म्हणतं. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, "विजयाबाई, शेवटच्या दिवशी पाचपर्यंत मी फाईलीचं पाकीट उघडं ठेवतो. त्याच्या पुढं माझ्या हातात काही नाही." जूनच्या शेवटच्या दिवशी त्यांनी ते खरोखर उघडं ठेवलं. पाकीट त्यांच्या टेबलावर, शेजारी डिंकाची बाटली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या दुसऱ्या शिपायाचे कागद आत होते. पाऊस नव्हताच, नुसतं मळभ आणि उकाडा. मी दर पंधरा मिनिटांनी मोबाईल बघत होते. चारला मुलांच्या मोफत वाय-फायचा पासवर्ड मागून घेतला, म्हणजे माझ्या नेटचा दोष नको. साडेचारला भाऊसाहेब म्हणाले, "स्पॅममध्ये बघितलं का?" बघितलं होतं. तिथं ती हसणारी बाई होती. शिकायला वय नसतं.

पाच वाजताची घंटा मी देते. ती दिली की ऑफिस बंद होतं. पाचला पाच कमी असताना मी रुळाखाली जाऊन उभी राहिले, उजव्या हातात सळई, डाव्या हातात मोबाईल. पाच वाजले. घड्याळ माझ्या समोरच होतं, कॉलेजातल्या सगळ्यांच्या समोर होतं. खिडकीतून भाऊसाहेब दिसत होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, पाकिटाकडं बघत होते. पाच वाजून एक मिनिट झालं, दोन झाली. इतक्या वर्षांत माझी घंटा कधी चुकली नव्हती. तीन मिनिटं झाल्यावर एक प्राध्यापक जिन्यावरून म्हणाले, "काय बाई, आज झोपलात काय?" मग मी ठोका दिला. सळई धरायचं फडकं विसरले होते. भाऊसाहेबांनी डिंक लावला आणि पाकिटाच्या तोंडावर मूठ दाबून बराच वेळ बसून राहिले.

मेल आली ती त्यानंतर आठव्या दिवशी. मी भाकरी करत होते. श्रावणी कॉलेजला गेली होती, अम्मा चुलीशेजारच्या भिंतीला टेकून बसली होती. मोबाईल वाजला. पिठाचा हात पुसून मी उघडलं. सदर प्रकरणी परीक्षार्थीस संशयाचा फायदा देण्यात येत आहे. बंद झालेल्या पेपराचे गुण सोडवलेल्या प्रश्नांच्या प्रमाणात धरण्यात आले आहेत. परीक्षार्थी उत्तीर्ण आहे. खाली अभिनंदन, आणि त्याखाली पुढच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आजच नाव नोंदवा.

"काय आलंय?" अम्मानं विचारलं. "कागद आलाय का तुजा? गट्टिगा चदुवु."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला होता. मी पत्र वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचलं. पाणी तोंडात नव्हतं, समोर कॅमेरा नव्हता, आणि ओठ हलले नाहीत. एक अक्षरसुद्धा बाहेर आलं नाही. दोन महिन्यांत कोर्सनं शिकवलं ते एवढंच, आणि ते पक्कं शिकवलं. आजही मला तसंच वाचता येतं. अम्माला पेपर वाचून दाखवायला बसले की डोळे आधी ओळ संपवून येतात आणि तोंड मागं राहतं.

अम्मा थोडा वेळ कान देऊन बसली. माझा श्वास तिला ऐकू येत असावा. मग तिनं भिंतीचा आधार सोडला, हात पुढं करून माझा गुडघा चाचपला आणि म्हणाली, "एकटीच खाल्लीस व्हय गं?"